जमीन कशी राखली की पक्षी टिकतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेत असो, कुरण असो, जंगलाचा तुकडा असो की एखाद्या संस्थेचं मोठं आवार, ते राखणाऱ्याच्या हातात कोयता, नांगर, फवारणीचा पंप आणि पाण्याचा दरवाजा असतो. तिथे कुठले पक्षी राहतील आणि कुठले निघून जातील, हे बरंचसं या हत्यारांवर ठरतं. त्यातही ती कधी चालवली आणि कुठे थांबवली यावर. पुढचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काहींची उत्तरं लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

पक्षी खरोखर कमी झालेत, की आपल्याला उगाच तसं वाटतं?

खरोखर कमी झालेत. उत्तर अमेरिकेत १९७० नंतर पक्ष्यांची एकूण संख्या सुमारे २.९ अब्जांनी घटली, म्हणजे दहांतले जवळजवळ तीन गेले. हा हिशोब २०१९ साली प्रसिद्ध झाला. युरोपात १९८० ते २०१६ या काळात सगळे पक्षी मिळून सुमारे २५ टक्के घट आहे, पण शेतजमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यांत ती ५७ टक्क्यांच्या आसपास जाते.

या आकड्यांत एक गोष्ट मात्र आशेची आहे. उत्तर अमेरिकेत गवताळ प्रदेशातले पक्षी ५३ टक्क्यांनी घटले, त्याच काळात पाणथळीतले १३ टक्क्यांनी वाढले. खंड तोच, हवामान तेच. फरक एवढाच की पाणथळ जागा विकत घेणं, राखणं, पुन्हा भरून घेणं यावर तिथे अनेक दशकं पैसा खर्च झाला. त्यात बदकांच्या शिकाऱ्यांचा पैसाही मोठा होता, हे काहींना पचत नाही, पण आहे ते असं आहे. गवताकडे तेवढं कुणी पाहिलं नाही.

हे सगळं हवामानबदलामुळे होतंय ना? मग आपण जमिनीचं काय करणार?

हवामानबदलाचा वाटा आहेच. पण युरोपातल्या त्या अभ्यासात, जो २०२३ साली आला, तापमान, शहरीकरण, जंगलाचं क्षेत्र आणि शेतीची तीव्रता हे चारही घटक शेजारी ठेवून तपासले होते. बहुतेक पक्ष्यांच्या घटीमागे सर्वांत मोठं कारण शेतीची वाढलेली तीव्रता निघालं, विशेषतः कीटकनाशकं आणि खतं. तापमानाचं आपण एकट्याने काही करू शकत नाही. फवारणी कधी करायची आणि बांध किती रुंद ठेवायचा हे ठरवू शकतो.

झाडं लावली की पक्षी वाढतात, बरोबर?

जिथे पूर्वी जंगल होतं तिथे, हो. माळरानावर, नाही. हा मुद्दा पटवायला सर्वांत अवघड जातो, कारण झाड लावणं हे सरसकट पुण्याचं काम मानलं जातं.

गवताळ प्रदेशातला पक्षी मोकळ्या क्षितिजाला सरावलेला असतो. घरटं जमिनीवर, पिल्लं जमिनीवर, आणि दूरवरून येणारा शत्रू दिसला पाहिजे ही त्याची पहिली गरज. अशा जागी चार झाडं उभी राहिली की शिकारी पक्ष्याला टेहळणीला जागा मिळते आणि कावळ्याला घरट्यावर नजर ठेवायला फांदी. अमेरिकेतल्या लेसर प्रेअरी चिकन या कोंबडीवर्गीय पक्ष्याचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की हेक्टरी दोनहून जास्त झाडं झाली की माद्या तिथे घरटं करणंच सोडतात. हेक्टरी दोन! आपल्या डोळ्यांना ती जागा अजूनही उजाडच दिसेल. माळढोक आणि तणमोर यांची गतही याहून वेगळी नाही. त्यांच्या माळांना 'पडीक' म्हणायचं आणि मग तो पडीकपणा दूर करायला वृक्षारोपण करायचं, यात त्यांचं घर गेलं.

म्हणून रोप हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: इथे मुळात काय होतं? जुने नकाशे, जुनी माणसं आणि जमिनीत टिकून राहिलेली गवतं, तिन्ही उत्तर देतात.

जिथे झाडं लावायचीच आहेत, तिथे कुठली लावावीत?

तिथल्या मातीतली. कारण फळ किंवा सावली नाही, कारण सुरवंट. दाणे खाणारे पक्षीसुद्धा बहुतेक वेळा पिल्लांना किडेच भरवतात, आणि पानं खाणारे बहुतेक सुरवंट ठराविक वनस्पतींशी बांधलेले असतात. परक्या झाडावर त्यांना उतरता येत नाही. कॅरोलायना चिकडी हा चिमणीहून लहान पक्षी एका विणीतली पिल्लं वाढवायला ६,००० ते ९,००० सुरवंट आणतो. वॉशिंग्टन डी. सी.च्या परिसरातल्या बागांत केलेल्या अभ्यासात (२०१८) असं दिसलं की एकूण हिरवाईत परक्या वनस्पतींचा वाटा ३० टक्क्यांच्या वर गेला की चिकडीची संख्या स्वतःच्या बळावर टिकत नाही. बाग हिरवीगार, फुलं भरपूर आणि पिल्लं उपाशी, असं होऊ शकतं.

दुसरी गोष्ट उंचीची. रॉबर्ट मॅकआर्थर आणि जॉन मॅकआर्थर यांनी १९६१ सालीच दाखवलं होतं की पानझडी जंगलात पक्ष्यांचं वैविध्य झाडांच्या जातींपेक्षा पानांच्या थरांवर जास्त अवलंबून असतं. जमिनीलगतची रोपं, कमरेएवढी झुडपं, वरचा झाडोरा, हे सगळे थर हवेत. खालचं सगळं साफ करून फक्त उंच खोड उभी ठेवली की ती जागा फिरायला छान होते आणि निम्मे पक्षी जातात.

वाळलेलं झाड तोडून टाकावं का?

माणसाच्या अंगावर पडेल अशा जागी असेल तर तोडा, किंवा वरचा धोकादायक भाग उतरवून खोड ठेवा. बाकी ठिकाणी उभं राहू द्या. सुतारपक्षी मऊ पडलेल्या लाकडात ढोली कोरतो, आणि पुढच्या हंगामात बहुधा नवी कोरायला घेतो. त्याची जुनी ढोली मग मैना घेते, पिंगळा घेतो, पोपट घेतो, दयाळ घेतो. यांतल्या कुणालाही स्वतः लाकूड कोरून घर करता येत नाही. धनेशाला तर एवढी रुंद ढोली लागते की ती फक्त म्हाताऱ्या झाडातच सापडते. म्हणजे एक वाळका बुंधा काढला की भाडेकरूंची अख्खी रांग रस्त्यावर येते.

गवत कधी कापावं?

विणीचा हंगाम संपल्यावर. आता हे सांगणं सोपं आहे, करणं कठीण, कारण चाऱ्याचा कस फुलोऱ्याच्या आसपास चांगला असतो आणि नेमकी तेव्हाच अंडी गवतात असतात.

युरोपातल्या चंडोलाचं गणित बघा. मादी सुमारे ११ दिवस अंडी उबवते. पिल्लं आठ-दहा दिवसांत घरट्याबाहेर पडतात, पण धड उडायला त्यांना आणखी आठवडाभर लागतो. अंडी घालण्याचे दिवस धरले तर एका विणीला महिनाभर गवत शांत हवं. दोन कापण्यांत त्याहून कमी अंतर असेल तर घरटी लागतील, अंडी घातली जातील आणि दर वेळी यंत्राखाली जातील.

तारीख पुढे ढकलणं शक्य नसेल तर कापायची दिशा बदला. कॉर्नक्रेक हा गवतात लपून राहणारा, कर्कश ओरडणारा पक्षी. त्याची काळी, लोकरीच्या गुंड्यासारखी पिल्लं उडू शकत नाहीत, पळतात, आणि उघड्या जमिनीवर यायला घाबरतात. नेहमीच्या पद्धतीत यंत्र कडेने आत आत कापत जातं. पिल्लं आवाजापासून दूर, उभ्या गवताकडे सरकतात. उभं गवत म्हणजे मधला आक्रसत जाणारा तुकडा. शेवटची पट्टी कापली जाते तेव्हा सगळी त्यातच असतात. म्हणून स्कॉटलंडमध्ये शेतकऱ्यांना मानधन देऊन उलटी पद्धत आणली: मधून सुरुवात, बाहेरच्या बाजूला कापत जायचं, वेग कमी, आणि कडेला उभ्या गवताची एक पट्टी सोडायची. सोबत कापणीही उशिरा. ब्रिटनमध्ये १९९३ साली साद घालणारे नर ४८० च्या आसपास होते, २०१४ साली ते १,२०० च्या वर गेले. पुढे आकडा पुन्हा उतरला, कारण असं काम एकदा करून संपत नाही.

आणि सगळं रान एकाच दिवशी कापू नका. एक तृतीयांश यंदा तसंच ठेवा, पुढच्या वर्षी दुसरा तुकडा.

उत्पन्न न घटवता शेतात पक्ष्यांसाठी काही करता येतं का?

येतं, आणि काही उपाय हास्यास्पद वाटावेत इतके साधे आहेत. हिवाळी गहू दाट आणि उंच वाढतो, चंडोलाला त्यात उतरताच येत नाही. ब्रिटनमध्ये पेरताना पेरणीयंत्र क्षणभर उचलून साधारण चार मीटर लांब, चार मीटर रुंद असा चौकोन मोकळा सोडायचा, हेक्टरी दोन, असा प्रयोग झाला. चंडोलाला उतरायला आणि किडे टिपायला जागा मिळाली. शेताचं नुकसान म्हणाल तर हेक्टरातले ३२ चौरस मीटर.

सर्ल बंटिंग या भारीटवर्गीय पक्ष्याची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. इंग्लंडमध्ये १९८९ साली त्याच्या जेमतेम ११८ जोड्या उरल्या होत्या, जवळपास सगळ्या डेव्हन परगण्यात. या पक्ष्याला हिवाळ्यात कापणीनंतरची धसकटं हवीत, त्यात सांडलेले दाणे आणि तणाचं बी मिळतं. उन्हाळ्यात नाकतोड्यांनी भरलेलं, कमी चरलेलं गवत हवं. घरट्याला जाड, काटेरी कुंपण हवं. हा पक्षी फार लांब जात नाही, त्यामुळे तिन्ही गोष्टी एकमेकांच्या जवळ लागतात. आधुनिक शेतीत प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे होती, पण एके ठिकाणी नव्हती. धसकटं हिवाळाभर नांगरायची नाहीत यासाठी शेतकऱ्यांना पैसे देण्यात आले, कुंपणं वाढू दिली. २०१६ साली मोजणीत १,००० हून जास्त जोड्या निघाल्या.

तुमच्या शेताला हाच प्रश्न लावा: पक्ष्याला वर्षाच्या कुठल्या महिन्यात इथे खायला काहीच नसतं? तो महिना सापडला की उपाय आपोआप दिसतो.

कीटकनाशकाने पक्षी मरतात, की किडे मरतात म्हणून पक्षी उपाशी राहतात?

दोन्ही, पण दुसरं जास्त व्यापक आहे आणि नजरेला दिसत नाही. नेदरलँड्समध्ये २०१४ साली आढळलं की ज्या भागात पाण्यात इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचं प्रमाण लिटरला २० नॅनोग्रॅमच्या वर होतं, तिथे किडे खाणारे पक्षी वर्षाला सरासरी ३.५ टक्क्यांनी घटत होते. युरोपीय संघाने २०१८ साली या औषधासह त्याच गटातल्या (निओनिकोटिनॉइड) तीन औषधांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली.

तणनाशकाचा विचार कुणी करत नाही. तण गेलं की त्याचं बी गेलं, त्यावरचे किडेही गेले. उंदीर मारायचं विष घुबडापर्यंत पोहोचतं, हे वेगळंच.

उलट बाजूही सांगायला हवी. कोस्टारिकातल्या कॉफीच्या मळ्यांत फांद्यांना जाळ्या घालून पक्ष्यांना दूर ठेवून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की पक्षी असले तर फळ पोखरणाऱ्या भुंग्याचा प्रादुर्भाव जवळपास निम्मा राहतो. शेजारी जंगलाचे तुकडे असले की असे पक्षी जास्त.

आग आणि चराई पक्ष्यांना नेहमीच वाईट का?

नाही. काही पक्षी त्यांच्याशिवाय टिकतच नाहीत. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये कर्टलंड्स वॉर्बलर हा पक्षी घरटं करतो ते जमिनीवर, पण फक्त साधारण ५ ते २० वर्षं वयाच्या जॅक पाइन या सूचीपर्णी झाडाच्या खालच्या फांद्यांच्या आडोशाला. झाड मोठं झालं, खालच्या फांद्या वाळल्या की पक्षी जागा सोडतो. जॅक पाइनची बोंडं आगीच्या उष्णतेने उघडतात, म्हणून पूर्वी वणव्यानंतर तरुण झाडांची रानं आपसूक येत. वणवे विझवायची शिस्त लागली आणि जंगल म्हातारं होत गेलं. १९७४ आणि १९८७ या दोन्ही वर्षी गाणारे नर फक्त १६७ भरले. मग टप्प्याटप्प्याने तोड करून पुन्हा लागवड करायची, आणि याच्या घरट्यात अंडी टाकणाऱ्या काऊबर्डला आवरायचं, असं दुहेरी काम झालं. २०१९ मध्ये हा पक्षी धोक्यातल्या प्रजातींच्या अमेरिकी यादीतून बाहेर पडला.

याचा अर्थ कुठलंही रान पेटवून द्यावं असा नाही. विणीच्या दिवसांतली आग म्हणजे कत्तल, आणि दरवर्षी जळणारं रान कुणाच्याच कामाचं राहत नाही. चराईचंही तसंच: गुरं फिरती ठेवली तर कुठे आखूड, कुठे उंच गवत मिळतं. सगळीकडे वर्षभर चरली तर गालिचा होतो.

तुकडा किती मोठा असला म्हणजे पुरेल?

कुठल्या पक्ष्यासाठी, त्यावर आहे. ब्राझीलमध्ये मनाउसजवळ १९७९ सालापासून जंगलाचे १, १० आणि १०० हेक्टरांचे तुकडे वेगळे ठेवून अभ्यास सुरू आहे, थॉमस लव्हजॉय यांनी तो सुरू केला. जमिनीलगतच्या थरातल्या पक्ष्यांपैकी निम्म्या जाती १०० हेक्टरांच्या तुकड्यातूनही १५ वर्षांच्या आत नाहीशा झाल्या. लष्करी मुंग्यांच्या मागे फिरणारे पक्षी तर आधीच गेले, कारण मुंग्यांनाच एवढी जागा पुरली नाही. आतल्या अंधाऱ्या रानात राहणारे काही पक्षी साधा रस्ताही ओलांडत नाहीत.

लहान तुकडा निरुपयोगी असतो असं मात्र समजू नका. स्थलांतराच्या वाटेवर एका रात्रीचा मुक्काम करायला लहान झाडीही खूप असते. आकार वाढवता येत नसेल तर शेजाऱ्याच्या तुकड्याशी झुडपांची पट्टी जोडा.

पाणथळ जागेचं काय?

पाणी किती आहे यापेक्षा ते किती खोल आणि कधी आहे, हे बघा. चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्याला काही सेंटिमीटरच चालतं. तळं खोल केलं, काठ दगडाने बांधला की बदकं येतील, चिखलपक्षी जातील. दक्षिण कोरियात समांगम इथे ३३ किलोमीटरची भिंत घालून २००६ साली समुद्र अडवला. भरती-ओहोटीचा चिखल गेला, आणि तिथे थांबून पुढच्या प्रवासाची चरबी साठवणारे ग्रेट नॉट हे स्थलांतरी चिखलपक्षी दुसरीकडे जाऊन वाढले नाहीत, ते घटले. त्या जागेला त्यांच्यासाठी पर्यायच नव्हता.

कॅलिफोर्नियात २०१४ सालापासून याच्या नेमकं उलट चाललं आहे. भातशेतकऱ्यांकडून बोली मागवायची आणि स्थलांतराच्या ऐन आठवड्यांत शेतात उथळ पाणी ठेवायला भाडं द्यायचं. जमीन विकत घ्यायची नाही, काही आठवडे घ्यायचे. मला हा सर्वांत हुशार उपायांपैकी एक वाटतो.

आमच्याकडे खूप पक्षी दिसतात. म्हणजे जागा चांगली आहे ना?

असेल, नसेलही. खत घातलेलं लवकर वाढणारं कुरण पक्ष्यांना आकर्षक वाटतं, ते घरटी करतात, आणि कापणीत सगळी विण जाते. पुढच्या वर्षी दुसरीकडून नवे पक्षी येतात आणि तेच पुन्हा. मोजणाऱ्याला दरवर्षी भरलेलं कुरण दिसतं. म्हणून फक्त डोकी मोजू नका. चोचीत किडा घेऊन उडणारे आई-बाप दिसतात का? आखूड शेपटीची, अडखळत उडणारी पिल्लं दिसतात का? ती दिसली तर जागा चांगली.

दाणे ठेवले, घरट्यांच्या पेट्या लावल्या तर?

मन रमतं, काही पक्ष्यांना फायदाही होतो. पेटी फक्त ढोलीत राहणाऱ्यांच्या कामाची. दाण्याची जागा घाण राहिली तर रोग पसरतो: ब्रिटनमध्ये २००५ नंतर ट्रायकोमोनोसिस या रोगाने ग्रीनफिंच हे दाणे खाणारे छोटे पक्षी इतके मेले की २०२१ साली त्यांना तिथल्या लाल यादीत, म्हणजे सर्वाधिक चिंतेच्या पक्ष्यांच्या यादीत, टाकावं लागलं. दाण्याच्या पैशांत झुडपं लावा, असं माझं मत.

दिवे, काचा, मांजरं, विजेच्या तारा?

चारही गंभीर, आणि चारांवरही उपाय आहे. अमेरिकेत काचांवर आपटून वर्षाला ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी मरतात असा अंदाज आहे, मांजरांमुळे १.३ ते ४ अब्ज. काचेला बाहेरून पाच सेंटिमीटर अंतराने ठिपके लावा, मांजर घरात ठेवा. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मृतीसाठी लावल्या जाणाऱ्या प्रकाशझोतांभोवती सात रात्रींत मिळून सुमारे ११ लाख पक्षी ओढले गेले. झोत बंद केले की काही मिनिटांत ते पांगत. तारांबाबत माळढोकासारख्या पक्ष्यांची अडचण अशी की उडताना त्यांना समोरचं फार कमी दिसतं, आणि वजनामुळे ऐनवेळी वळताही येत नाही.

थोडी जमीन पूर्ण राखावी आणि उरलेली जोरात पिकवावी, की सगळीकडेच थोडं थोडं पक्ष्यांसाठी ठेवावं?

हा वाद जुना आहे. घाना आणि उत्तर भारतात पक्षी आणि झाडं मोजून २०११ साली जो अभ्यास आला, त्यात बहुतेक जातींसाठी पहिला मार्ग सरस ठरला. पण तो तेव्हाच खरा, जेव्हा वाढलेल्या उत्पन्नाच्या बदल्यात कुठलीतरी जमीन खरोखरच राखली जाते. प्रत्यक्षात 'जोरात पिकवा' एवढंच अमलात येतं. शिवाय चंडोल किंवा सर्ल बंटिंगसारख्यांचं घरच शेत आहे, त्यांना राखीव जंगलाचा उपयोग नाही.

काम चालू असताना घरटं सापडलं तर?

थांबा आणि मागे व्हा. अंडी किंवा पिल्लं उचलून दुसरीकडे ठेवू नका, आई-बाप तिथे शोधत येत नाहीत. घरट्याभोवती काही मीटरचा तुकडा न कापता सोडा, पण फक्त घरट्यापुरता गोल झुबका ठेवू नका, कोल्ह्या-कावळ्यांना तो लांबून दिसतो. शक्य तर तुकडा कडेच्या उभ्या गवताला जोडून ठेवा. खूण करायची असेल तर घरट्यावर नको, दहा-पंधरा पावलं दूर काठी रोवा आणि यंत्र चालवणाऱ्याला दिशा सांगा. दर दोन तासांनी जाऊन बघू नका. तीन आठवड्यांनी जा.